जहाजे बांधायची, तर त्यांचे वाकणे मोजण्याची विद्याही हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये जहाजबांधणी आणि सागरी क्षेत्रासाठी ६९,७२५ कोटी रुपयांच्या योजनांना मंजुरी दिली. तेव्हापासून या विषयावर वृत्तपत्रांतून बरेच लिहिले जात आहे आणि बडोद्यासारख्या समुद्रापासून आत असलेल्या शहरातही त्याची चर्चा होते आहे, याचे मला मनापासून समाधान वाटते. गोद्या किती वाढणार, जाड पोलादी पत्रा कोठून येणार, कर्जावरील व्याज किती पडणार, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु बांधलेले जहाज समुद्रात गेल्यावर किती वाकते, कोठे पिळवटते आणि हे चालू प्रवासात कसे ओळखायचे, याविषयी एक ओळही माझ्या वाचनात आली नाही. उपकरणशास्त्र आणि नियंत्रणशास्त्र शिकवण्यात माझ्या नोकरीची सारी वर्षे गेली असल्यामुळे ही उणीव मला फार जाणवते, आणि ती भरून काढण्यात बडोद्याला मोठा वाटा उचलता येईल असे वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

दोन-तीनशे मीटर लांबीचे जहाज ही अभियंत्याच्या दृष्टीने एक लांब, पोकळ आणि लांबीच्या मानाने पातळ भिंतींची तुळई असते. लाटेचा माथा तिच्या मधोमध आला की दोन्ही टोके खाली झुकतात आणि पाठ वर येते. माथे दोन्ही टोकांना आले की मधला भाग खाली दबतो. लाटा तिरप्या आल्या तर सांगाडा पिळवटतो. मालाची चढउतार, टाक्यांतील तेलाचे व पाण्याचे प्रमाण, यांनीही त्याचा आकार बदलतो. याखेरीज एक कारण असे आहे की जे शांत समुद्रातही काम करते, आणि ते म्हणजे ऊन. तळ पाण्यात थंड राहतो आणि डेक तापतो. पोलाद प्रत्येक अंश सेल्सिअसला स्वतःच्या लांबीच्या सुमारे बारा दशलक्षांश भागाने वाढते. वीस मीटर उंचीच्या आणि दोनशे मीटर लांबीच्या सांगाड्याचा डेक तळापेक्षा दहा अंशांनी अधिक तापला असे धरून साध्या तुळईचे गणित केले, तर मधला भाग सुमारे तीन सेंटिमीटर वर उचलला जातो आणि नाळेकडचे टोक पिछाडीच्या टोकाशी सुमारे चार कलांचा कोन करू लागते. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. सूर्य एका बाजूला असेल तर जहाज आडवेही वाकते, आणि दिवस उतरू लागला की हे कोन हळूहळू बदलत जातात.

चार कला म्हणजे काहीच नाही असे कोणालाही वाटेल. पण जहाजावरील मुख्य दिशादर्शक यंत्रणा साधारणपणे सांगाड्याच्या मध्यभागी, हालचाल कमी असलेल्या जागी ठेवलेली असते, आणि रडार, उपग्रहाकडे तोंड केलेली अँटेना किंवा युद्धनौकेवरील तोफ व क्षेपणास्त्र ही तिच्यापासून पुष्कळ दूर असतात. मुख्य यंत्रणेने सांगितलेली दिशा तशीच्या तशी त्या दूरच्या यंत्राला लावली, तर मधल्या पोलादाचे वाकणे थेट त्याच्या अचूकतेत उतरते. वीस किलोमीटरवरील लक्ष्यासाठी चार कलांची चूक म्हणजे सुमारे तेवीस मीटरांचे अंतर. २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेल्या आपल्या स्वदेशी 'विक्रांत'ची लांबी २६२ मीटर आहे. इतक्या लांबीच्या पोलादी सांगाड्याचे दोन भाग सदैव एकमेकांशी समांतर राहतील असे कोणताही अभियंता गृहीत धरणार नाही.

व्यापारी जहाजांच्या बाबतीत प्रश्न निशाण्याचा नसून मजबुतीचा असतो. सिंगापूरहून जेद्दाकडे निघालेले 'एमओएल कम्फर्ट' हे ३१६ मीटर लांबीचे कंटेनर जहाज १७ जून २०१३ रोजी, पावसाळी वाऱ्यांच्या दिवसांत, येमेनच्या किनाऱ्यापासून दूर मधोमध मोडले. ते अवघ्या पाच वर्षांचे होते. त्यावरील सर्व २६ जण वाचले, परंतु पुढील काही आठवड्यांत दोन्ही तुकडे बुडाले. नंतर त्याच्याच रचनेच्या इतर जहाजांची तपासणी झाली, तेव्हा तळाच्या पत्र्यांवर सुमारे वीस मिलिमीटर उंचीचे फुगवटे आढळले. हा बदल आतल्या आत होत होता आणि जहाजे चालतच होती. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९४ मध्येच वीस हजार टन आणि त्याहून अधिक क्षमतेच्या सुटा माल वाहणाऱ्या जहाजांवर सांगाड्याचा ताण मोजणारी यंत्रणा बसवावी अशी शिफारस केली होती. ती शिफारस होती, सक्ती नव्हती. तेथे ताणमापक पट्ट्या वापरतात आणि दिशादर्शनाच्या कामी जायरो, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणारी उपकरणे, वापरतात, एवढा फरक सोडला तर दोन्हीकडचा मूळ प्रश्न एकच आहे: जे वाकणे आपल्याला थेट दिसत नाही, ते गोंगाटाने, म्हणजे नको असलेल्या चढउतारांनी, भरलेल्या मोजमापांतून ओळखायचे कसे?

डेकच्या खालून लांबच लांब प्रकाशकिरण सोडून तो किती सरकतो हे पाहणे हा एक जुना उपाय आहे. परंतु त्यासाठी दोन ठिकाणांमध्ये सरळ मोकळी वाट लागते, आणि जहाजात आडव्या भिंती, शिड्या, नळ यांच्या गर्दीत अशी वाट क्वचितच मिळते. म्हणून आता लेसर किंवा प्रकाशतंतूवर चालणाऱ्या जायरोंचा एक संच मुख्य यंत्रणेजवळ आणि दुसरा दूरच्या यंत्राजवळ बसवतात. दोन्ही संच जहाजाच्या त्याच हालचाली मोजत असतात. सांगाडा पूर्ण ताठ असता तर त्यांच्या नोंदींतील फरक कायम एकसारखा राहिला असता. तो वाकला की जहाजाच्या डुलण्याचा थोडासा अंश दुसऱ्या संचाच्या वेगळ्याच अक्षावर उमटतो. जहाज सेकंदाला दोन अंश वेगाने डुलत असेल आणि वर सांगितलेला चार कलांचा कोन पडला असेल, तर उभ्या अक्षाच्या जायरोवर ताशी सुमारे साडेआठ अंशांइतका जादा वेग दिसतो. चांगल्या लेसर जायरोची स्वतःची चूक ताशी अंशाच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते. म्हणजे खूण पुरेशी मोठी आहे. अडचण अशी की तिच्यात कायमचे वाकणे, उन्हाचे सावकाश वाकणे, लाटांनिशी होणारी थरथर आणि जायरोची चूक ही सगळी एकत्र मिसळलेली असतात.

ती वेगळी करण्याचे साधन रुडॉल्फ कालमन यांनी १९६० मध्ये मांडले आणि अपोलो मोहिमांच्या दिशादर्शनात ते वापरले गेल्यामुळे जगभर रुळले. कालमन फिल्टरचे तत्त्व विद्यार्थ्याला समजायला अवघड नाही. वाकणे पुढच्या क्षणी कोठे असेल याचे गणिताने भाकीत करायचे, मोजमाप आले की भाकीत आणि मोजमाप यांतील तफावत काढायची, आणि त्या तफावतीचा किती भाग खरा मानायचा हे दोहोंवरील विश्वासाच्या प्रमाणात ठरवायचे. लाटांमुळे होणाऱ्या वाकण्यासाठी सहसा हळूहळू विरत जाणाऱ्या आंदोलनाचे गणित घेतात. त्यात तीन आकडे लागतात: आंदोलन किती मोठे, त्याची गती किती आणि ते किती लवकर विरते.

हे तीन आकडे स्थिर राहत नाहीत, आणि खरी गोष्ट येथेच सुरू होते. जहाज लाटांच्या तोंडाशी चालले असेल तर त्या लवकर लवकर भेटतात, तोंड फिरवले की उशिरा भेटतात. वेग वाढला की पुन्हा बदल होतो. माल उतरवला की सांगाड्याची स्वतःची कंपनगती बदलते. मोठ्या जहाजांत ती सेकंदाला साधारण अर्ध्या ते एका आवर्तनाच्या आसपास असते, आणि लाटेचा जोरदार तडाखा बसला की त्या गतीने सारा सांगाडा काही काळ झंकारत राहतो. सकाळी बसवलेले आकडे संध्याकाळी चुकीचे ठरतात. फिल्टरला मात्र ते चुकले आहेत हे कळत नाही, आणि तो आपल्या उत्तराविषयी पूर्वीइतकीच खात्री दाखवत राहतो. म्हणून परिस्थितीप्रमाणे स्वतःचे आकडे बदलणारे, म्हणजे अनुकूली, फिल्टर आले. काही पद्धती तफावतींवर लक्ष ठेवतात: त्या अपेक्षेपेक्षा मोठ्या होऊ लागल्या किंवा एकीमागून एक एकाच दिशेने पडू लागल्या, की गणितावरचा विश्वास कमी करून मोजमापावरचा वाढवतात. सेज आणि हुसा यांनी १९६९ मध्ये सुचवलेल्या पद्धतीत गोंगाटाचे प्रमाण प्रवासातच मोजत राहतात आणि जुन्या नोंदींचे वजन क्रमाक्रमाने कमी करतात. आणखी एका पद्धतीत निरनिराळ्या सागरी स्थिती गृहीत धरणारे अनेक फिल्टर एकाच वेळी चालवतात आणि ज्याचे भाकीत प्रत्यक्षाशी अधिक जुळते त्याला अधिक मत देतात.

या पद्धतींचे मला अतिशय महत्त्व वाटते, परंतु त्यांच्याविषयी जो भोळा उत्साह अनेक शोधनिबंधांतून दिसतो, तो मला पटत नाही. पहिले कारण असे की तफावत मोठी आली तर दोष गणिताचा की जायरोचा, हे एका तफावतीवरून सांगता येत नाही. गणितावरचा आणि जायरोवरचा विश्वास ठरवणारे दोन्ही आकडे एकाच वेळी सैल सोडले तर फिल्टर जायरोमधील बिघाडालाच सांगाड्याचे वाकणे समजून निमूटपणे आपलेसे करू शकतो. दुसरे कारण असे की समुद्र शांत असला आणि जहाज डुललेच नाही, तर कायमच्या वाकण्याची खूण उमटतच नाही. वर दिलेला साडेआठ अंशांचा आकडा डुलण्यातूनच येतो. ते थांबले की तोही शून्यावर येतो. अशा वेळी प्रामाणिक फिल्टरने आपली खात्री कमी होत आहे असे सांगायला हवे. पण तफावती लहान दिसत असल्यामुळे सैल रचलेला अनुकूली फिल्टर उलट अधिक निर्धास्त होतो.

तिसरे कारण मला सर्वांत गंभीर वाटते. जी लाट जहाजाला डुलवते, तीच त्याला वाकवतेही. म्हणजे डुलणे आणि वाकणे या स्वतंत्र घटना नाहीत. त्यांच्यात ठरावीक नाते आहे. कालमन फिल्टरचे नेहमीचे रूप मात्र त्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असे धरून चालते. हे गृहीतक मोडले की लाटांबरोबर होणाऱ्या वाकण्याचा काही भाग कायमच्या वाकण्याच्या खात्यात जमा होतो. अशी चूक सरासरी काढून नाहीशी होत नाही, कारण ती एकाच बाजूला झुकलेली असते. तास-दीड तास मोजत राहिले तरी उत्तर स्थिर दिसते आणि तरीही चुकलेले असते. यावर उपाय आहेत. डुलणे आणि वाकणे यांतील नाते फिल्टरच्या गणितात वेगळे आकडे म्हणून घालता येते आणि तेही प्रवासात ओळखता येतात. परंतु त्यासाठी नौकाशास्त्र जाणणारा आणि फिल्टर जाणणारा अशा दोघांना एका टेबलाशी बसावे लागते, आणि आपल्याकडे हे दोघे बहुधा वेगवेगळ्या शहरांत बसतात.

याला जोडून आणखी एक तक्रार आहे. या विषयावरील पुष्कळ काम संगणकाने तयार केलेल्या वाकण्यावर तपासले जाते, आणि ते वाकणे ज्या गणिताने तयार करतात, तेच गणित फिल्टरमध्ये भरलेले असते. हे म्हणजे आपणच प्रश्नपत्रिका काढावी, आपणच सोडवावी आणि आपणच गुण द्यावेत, असे झाले. निकाल नेहमीच उत्तम लागतो. प्रत्यक्ष जहाजावरच्या नोंदी, आणि त्यांच्या शेजारी प्रकाशकिरणाने किंवा ताणमापक पट्ट्यांनी स्वतंत्रपणे घेतलेल्या नोंदी, यांशिवाय कोणत्याही पद्धतीला सिद्ध झालेली म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता बडोद्याविषयी. हे शहर समुद्राकाठी नसले तरी समुद्राशी त्याचा संबंध जुना आहे. ओखामंडळ बडोदे संस्थानात होते आणि ओखा बंदर सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत उभे राहिले. त्याच महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, जिच्या परंपरेतून महाराजा सयाजीराव विद्यापीठातील आजची आपली तंत्रज्ञान विद्याशाखा उभी आहे. लालबागेत आज गतिशक्ती विश्वविद्यालय आहे. २०२२ मध्ये त्याला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि त्याचे कार्यक्षेत्र रेल्वेपुरते न राहता बंदरे व जहाजवाहतुकीसह सर्व वाहतुकीपर्यंत वाढले. म्हणजे नियंत्रणशास्त्र आणि वाहतूकशास्त्र ही दोन्ही एका गावात, रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर आहेत. आपल्या मराठी घरांतील कितीतरी मुले-मुली या दोन संस्थांत शिकतात, आणि त्यांना शेवटच्या वर्षाचा प्रकल्प सुचवा म्हटले की आजही तोच दिवे उघडझाप करणारा किंवा रेषेमागून धावणाऱ्या गाडीचा प्रकल्प सुचवला जातो, याचे वाईट वाटते.

याऐवजी पुढील प्रयोग करता येईल आणि त्याला फारसा खर्च नाही. दोन मीटर लांब, तीन सेंटिमीटर रुंद आणि सहा मिलिमीटर जाड अशी पोलादी पट्टी दोन्ही टोकांना टेकूंवर ठेवावी आणि टोकांजवळ मोबाइलमध्ये असतात तशा जायरोच्या चिप बसवाव्यात. पट्टी हलकेच दाबून सोडली की ती सेकंदाला सुमारे साडेतीन आवर्तनांनी थरथरते. या गतीवर बसवलेला साधा कालमन फिल्टर तिचे वाकणे छान ओळखतो. मग पट्टीच्या मधोमध एक किलोचे वजन घट्ट बांधावे. गती पावणेतीनच्या आसपास उतरते, आणि फिल्टरचे भाकीत प्रत्येक आवर्तनात थोडेथोडे पुढे धावू लागते. पडद्यावर तफावतीची रेघ सपाट राहण्याऐवजी लाटेसारखी वरखाली होताना दिसते. आता अनुकूली फिल्टर चालू करावा आणि तो नव्या गतीला किती वेळात पोहोचतो ते पाहावे. त्यानंतर, फिल्टरला न सांगता, एका चिपच्या नोंदीत मुद्दाम चूक मिसळावी आणि तो तिला बिघाड मानतो की वाकणे, हेही पाहावे. चिपच्या जायरोची चूक मोठी असल्यामुळे उन्हाने होणारे सावकाश वाकणे तिच्याने ओळखता येणार नाही, पण वर लिहिलेल्या बहुतेक अडचणी विद्यार्थ्याला या एका पट्टीवर डोळ्यांनी पाहता येतील.

प्रयोगशाळेनंतर समुद्र हवाच. त्यासाठी फार दूर जाण्याचीही गरज नाही. खंभातच्या आखातात २०२० मध्ये सुरू झालेली घोघा-हजिरा रो-पॅक्स सेवा मालमोटारी, गाड्या आणि प्रवासी घेऊन ठरलेल्या मार्गावर ये-जा करण्यासाठीच आहे. मार्ग तोच आणि भार मात्र दर फेरीला वेगळा, ही अनुकूली फिल्टर तपासण्यासाठी अतिशय सोयीची स्थिती आहे. हे जहाज मोठ्या मालवाहू जहाजांइतके लांब नाही, त्यामुळे वाकणेही कमी असेल. तरी सुरुवात म्हणून ते पुरे आहे. त्यानंतर बंदर सोडून दूर जाणाऱ्या एखाद्या सरकारी मालकीच्या मोठ्या जहाजावर हेच संच बसवता येतील.

म्हणून आपल्या दैनिकाद्वारे माझी संबंधितांना अशी विनंती आहे. जहाजबांधणीच्या नव्या योजनेत भारतीय सागरी विद्यापीठाच्या अंतर्गत भारतीय जहाज तंत्रज्ञान केंद्र स्थापन होणार आहे. त्या केंद्राने सांगाड्याचे वाकणे मोजणे हा आपल्या पहिल्या विषयांपैकी एक ठेवावा आणि बडोद्यातील दोन्ही विद्यापीठांना त्यात सामील करून घ्यावे. सरकारी साहाय्याने बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या व्यापारी जहाजात निदान दोन जायरो संच आणि काही ताणमापक पट्ट्या बसवण्याची जागा, तारा आणि वीज यांची तरतूद आराखड्यातच असावी, कारण जहाज बांधून झाल्यावर भिंतींतून तारा नेणे हे फार महागाचे आणि कटकटीचे काम होते. संरक्षणविषयक गुप्तता जेथे आवश्यक आहे तेथे ती जरूर पाळावी, परंतु व्यापारी जहाजांवरच्या नोंदी देशातील सर्व अभियांत्रिकी महाविद्यालयांना खुल्या असाव्यात. आणि त्या नोंदी प्रसिद्ध करताना शांत समुद्रातले कंटाळवाणे तास, जायरो बिघडलेले दिवस आणि वळण घेताना फिल्टर भरकटलेली मिनिटे यांपैकी काहीही गाळू नये, कारण नव्या पद्धतीची पारख करणाऱ्या विद्यार्थ्याला सर्वांत आधी त्याच नोंदी लागतील.

आपला नम्र,
उपकरणशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक
दांडिया बाजार, बडोदे